मागचं बटण

श्रीनाथराव चिटणीसांच्या घरी कोणी पहिल्यांदा राहायला आलं, की सुनंदाबाई चहाच्या आधी सूचना देत. फ्रिज उघडायचा तर पायात चप्पल हवी. वॉशिंग मशीन पिळायला लागलं की कोणीतरी त्याच्यावर बसायचं, नाहीतर ते चालत चालत मोरीच्या दारापर्यंत येतं. मिक्सरचं झाकण तळहातानं दाबून धरायचं आणि तोंड जरा बाजूला ठेवायचं. पाहुणा बिचारा ऐकून घ्यायचा. घरात कुत्रा पाळलेला असला की त्याच्या सवयी सांगतात ना, तशा या सवयी होत्या, आणि त्या सगळ्या एकाच कंपनीच्या होत्या. कंपनीचं नाव आर्यदीप.

दुसऱ्या कुठल्या कंपनीच्या फ्रिजनं झटका दिला असता, तर श्रीनाथरावांनी ग्राहक मंचात तक्रार ठोकली असती. आर्यदीपच्या फ्रिजनं दिला, तर दोष माधव नगरच्या वायरिंगचा. नाहीतर दमट हवेचा, ओल्या हातांचा, आणि काहीच सापडलं नाही तर उघडणाऱ्याच्या घाईचा. "मशीन चांगलं आहे, माणूस धांदरट आहे," असं ते म्हणत. चाळीस वर्षं संसार करून सुनंदाबाईंना कळून चुकलं होतं, की या वाक्यातला माणूस बहुतेक वेळा आपणच असतो.

चिटणीसांचे पूर्वज शिंदे सरकारच्या दफ्तरात लिहायला होते. एकदा ज्याचं मीठ खाल्लं त्याच्याविरुद्ध अक्षर लिहायचं नाही, हा घराण्याचा बाणा. पुढे सरकार गेलं, दफ्तर गेलं, हवेलीचे वाटे होऊन तेही विकले गेले. बाणा तेवढा राहिला आणि श्रीनाथरावांच्या वाट्याला आला. पण धनी कुठून आणायचा? विमा कंपनीतल्या नोकरीत साहेब दर तीन वर्षांनी बदलायचे. मग धनी म्हणून वाट्याला आली ही विजेच्या वस्तूंची कंपनी. तिला श्रीनाथ चिटणीस नावाचा इसम उज्जैनात राहतो याचा पत्ताही नव्हता.

याला एक कारण होतं, आणि ते हसण्यासारखं नव्हतं. पहिल्या पगारात श्रीनाथरावांनी आर्यदीपचा रेडिओ-टेप आणला होता. त्यांचे वडील, घरात सगळे त्यांना दादा म्हणत, शब्दाला महाग. मुलगा पहिला आला तरी, नोकरीला लागला तरी, दादांच्या तोंडून हुंकारापलीकडे काही निघालं नव्हतं. त्या संध्याकाळी त्यांनी रेडिओवर एक नाट्यगीत शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाले, "चांगला आणलास." मुलाला उभ्या आयुष्यात बापाकडून मिळालेली शाबासकी ती एवढीच. आता त्या रेडिओला, त्याच्या कंपनीला, कंपनीच्या फ्रिजला आणि मिक्सरला हा माणूस वाईट कसं म्हणणार? तुम्ही म्हटलं असतंत?

तर असे श्रीनाथराव. उज्जैनच्या मराठी मंडळात कोणाकडे लग्न निघो, कोणाचा जुना पंखा बसो, आधी त्यांना फोन. ते स्वतः दुकानात सोबत जात, दुकानदाराला पेचात पकडत, आणि शेवटी आर्यदीपच घ्यायला लावत. यात त्यांना दमडी मिळत नसे. मिळत होता तो मान. बाहेरच्यांना घरातल्या सूचना मात्र ते सांगत नसत. घरचा मुलगा जरा वाह्यात निघाला तर ते आपण चारचौघांत सांगतो का?

अहल्यावहिनींचं प्रकरण इथूनच सुरू झालं.

अहल्यावहिनी म्हणजे श्रीनाथरावांचे जिवलग मित्र प्रकाश पुराणिक यांच्या पत्नी. प्रकाशराव जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगा मंदार पुण्यात. वहिनी पंचाहत्तरीच्या उंबरठ्यावर, माधव नगरातल्या आपल्या दोन खोल्यांत एकट्या आणि खुशाल राहत होत्या. मंडळात त्यांचा लौकिक होता तो स्मरणशक्तीचा. कोणाच्या घरी कोण कधी गेलं, त्या दिवशी तिथी कुठली होती, हे सगळं त्यांना तोंडपाठ. पितृपक्ष जवळ आला की त्यांचा फोन सारखा वाजत राहायचा. ज्याला त्याला सिद्धवटावर श्राद्धाला जायचं असायचं आणि स्वतःच्या आजोबांची तिथी आठवत नसायची. वहिनी भाजी चिरता चिरता सांगत, "तुझे आजोबा एकादशीला गेले. तुझी आई तेव्हा पोटुशी होती, म्हणून तिला घाटावर नेलं नव्हतं." कॅलेंडर बघायचं कामच नाही.

श्रीनाथरावांचाही दर वर्षी तोच प्रश्न. दादा गेले ते नेमके तिथी बदलायच्या वेळेला, त्यामुळे सप्तमी धरायची की अष्टमी याचा घोळ कायमचा. वहिनींचा दर वर्षी तोच निकाल. "भाऊजी, मी तुमच्या घरीच होते. सप्तमी संपायला अवकाश होता. सप्तमीच."

सिलिंडर बदलणं जड जायला लागलं तेव्हा मंदारनं आईच्या मागे लकडा लावला, की गॅस नको, इंडक्शनची शेगडी घे. वहिनींनी अर्थातच श्रीनाथरावांना बोलावलं. टावर चौकातल्या दुकानात दोन शेगड्या समोर आल्या. एक कुठल्याशा दुसऱ्या कंपनीची, तिला फिरवायचं गोल बटण होतं. वहिनींनी ते बंदच्या खुणेवर आणलं, तसा खट् आवाज झाला. त्या खूश झाल्या. "हे छान आहे हो. बंद झालं ते हाताला कळतं."

"वहिनी, ती जुनी फॅशन झाली," श्रीनाथराव म्हणाले. "आर्यदीपची ही बघा. एकदम सपाट काच. नुसतं बोट टेकवायचं. पुसायला कसलीच दिक्कत नाही."

"पण बंद झालं की नाही, ते कळायचं कसं?"

"लाल दिवा जातो ना. माझ्या घरी हीच आहे. बिलकुल बेफिकीर राहा."

दुकानात मंडळातली चारुलता भेटली होती, तिनंही मान डोलावली. श्रीनाथरावांची छाती फुगली. घरी हीच होती, हे खरं होतं. पण तिची एक सवय होती, जी पाहुण्यांना सांगायच्या यादीतही होती. काचेवर ओलं फडकं फिरलं किंवा वाफ धरली, की ती कधीमधी आपली आपणच सुरू व्हायची. मशीनला वाटायचं कोणी बोट टेकवलं. म्हणून सुनंदाबाईंचा दंडक होता, की काम झालं की भिंतीवरचं मागचं बटण बंद. श्रीनाथरावांनी यालाही नाव दिलं होतं, शिस्त. आर्यदीप माणसाला शिस्त लावते, म्हणे!

नवी शेगडी बसवून द्यायला श्रीनाथराव वहिनींकडे निघाले तेव्हा सुनंदाबाईंनी आठवण केली, "त्यांना मागच्या बटणाचं सांगा हं."

"सांगतो."

नाही सांगितलं. ओठांवर आलं होतं. पण वहिनी काचेवरून हात फिरवत कौतुक करत होत्या, आणि दुकानात एवढं बोलून आल्यावर आता कसं सांगायचं, असं त्यांना झालं. उगाच म्हाताऱ्या बाईला कशाला घाबरवायचं, असं त्यांनी मनाला समजावलं. मनाला समजावण्यात ते तरबेज होतेच.

पावसाळ्यात एका दुपारी वहिनींनी पुऱ्या तळल्या. शेगडी बंद केली, सवयीप्रमाणे लगेच ओल्या फडक्यानं पुसली, तेल निवायला कढई तिथेच ठेवली आणि त्या भजनाला गेल्या. शेजाऱ्यांना खिडकीतून धूर दिसला. त्यांनी कुलूप तोडलं तोवर पडदा जळाला होता, लाकडी मांडणी अर्धी कोळसा झाली होती आणि भिंत छतापर्यंत काळी. माणसाला इजा झाली नाही, एवढं नशीब.

दुसऱ्या दिवशी मंदार विमानानं आला. घरात मंडळातली चार माणसं जमली होती. वहिनी पलंगाच्या कडेवर बसल्या होत्या, हातात हात घट्ट धरून.

"आई, तू शेगडी चालू ठेवून गेलीस," मंदार म्हणाला. रागावला नव्हता. घाबरलेला होता.

"नाही रे. मी बंद केली होती. पुसताना दिवा गेलेला होता, मला चांगलं आठवतंय." मग त्या श्रीनाथरावांकडे वळल्या. "भाऊजी, तुम्हाला यातलं कळतं. तुम्ही सांगा. ही आपोआप सुरू होते का हो कधी?"

सगळ्यांनी श्रीनाथरावांकडे पाहिलं. खरं म्हणजे उत्तर एका शब्दाचं होतं. पण त्या एका शब्दापाठोपाठ काय काय येणार, ते त्यांना दिसलं. मग तुम्ही सांगितलं का नाही? मग आमच्या घरी दिलीत ती?

"आर्यदीपचं असं कधी ऐकलं नाही, वहिनी," ते म्हणाले. आणि एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं, पण गप्प बसवेना, म्हणून पुढे म्हणाले, "होतं असं. वय झालं की राहून जातं एखादं."

वहिनींनी मान खाली घातली. वाद घातला नाही. भाऊजींना यातलं कळतं, हे त्यांनीच तर आत्ता सांगितलं होतं.

घरी सुनंदाबाईंनी विचारलं, "मागचं बटण सांगितलं होतं ना तुम्ही?"

"सांगितलं होतं," श्रीनाथराव म्हणाले आणि पेपर तोंडासमोर धरला.

पुढचे दिवस वाईट गेले. भिंतीला रंग झाला. मंदारनं घरूनच ऑफिसचं काम सुरू केलं आणि जेवणाचा डबा लावला. उरलेली भांडीकुंडी त्यानं शेजारणीला देऊन टाकली. आईला डॉक्टरकडे नेलं, तिथे त्यांना आजची तारीख आणि उलट आकडे विचारले. आई आता पुण्याला कायमची येणार, असं त्यानं मंडळात सांगून टाकलं. सगळे म्हणाले, योग्य केलंस. श्रीनाथरावही म्हणाले. म्हणताना त्यांना स्वतःचीच किळस आली, पण म्हणाले.

ते मनाशी हिशेब घालून पाहत. पुण्याला नातवंडं आहेत, डॉक्टर आहेत, बाई सुखातच पडणार. मग बिघडलं काय? शेगडीचं खरं सांगून जळालेली मांडणी थोडीच परत येणार होती? वर्षानुवर्षं मशीनची बाजू घ्यायची सवय झालेला माणूस. आता तोच वकील त्यांनी स्वतःसाठी उभा केला, आणि वकील चांगला होता. फक्त रोज सकाळी सुनंदाबाईंनी मागचं बटण दाबलं, की त्या टक् आवाजानं श्रीनाथरावांच्या घशाखाली चहा उतरत नसे.

भाद्रपद निम्मा सरला. मुद्दाम नव्हे, सवयीनंच श्रीनाथराव वहिनींकडे दादांची तिथी विचारायला गेले. बॅगा भरून भिंतीशी लागल्या होत्या. मंदार आतल्या खोलीत कॉम्प्युटरसमोर.

"वहिनी, दादांचं यंदा..."

"सप्तमी," त्या पटकन म्हणाल्या. मग थांबल्या. कपाळावर आठी आली. "का अष्टमी? मी होते ना तिथे? होते बहुतेक. थांबा हं." डोळे मिटून त्या ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटत राहिल्या. डोळे उघडले तेव्हा ते भरले होते. "नाही भाऊजी. मला नका विचारू. गुरुजींनाच विचारा. चारुलतानं फोन केला, तिलाही मी तेच सांगितलं. मी शेगडी बंद केली हे मला लख्ख आठवत होतं. तेच जर खोटं, तर बाकीच्याचा काय भरोसा?"

श्रीनाथराव उठले. चप्पल घालताना डाव्याची उजवीकडे गेली. रस्त्यावर आले तेव्हा त्यांना कळलं, की आपण या बाईची मांडणी नाही, डोकं जाळलं आहे. धडधाकट, लख्ख डोकं. आणि तेही कशासाठी? एका कंपनीचं नाव राहावं म्हणून. नाही, तेही खरं नाही. स्वतःचं राहावं म्हणून.

घरी सुनंदाबाई वालपापडी निवडत होत्या. श्रीनाथराव दारातच उभे राहून म्हणाले, "मी वहिनींना मागच्या बटणाचं सांगितलंच नव्हतं. आणि ती आपोआप सुरू होत नाही, असं सगळ्यांसमोर म्हणालो."

सुनंदाबाईंचे हात थांबले. "तुम्ही मला धांदरट म्हणत आलात, ते मी हसून सोडून दिलं," त्या म्हणाल्या. "पण त्या बाईला वेड लागायची वेळ आली हो." मग उठून त्यांनी आपली शेगडी काढली, पंच्यात गुंडाळली आणि त्यांच्या हातात दिली. "जा."

वहिनींच्या बाहेरच्या खोलीत टेबलावर शेगडी मांडून श्रीनाथरावांनी घरून आणलेलं पातेलं पाणी भरून ठेवलं आणि मंदारला हाक मारली. "काका, हे काय करून राहिलात?" तो म्हणाला. श्रीनाथरावांनी मागचं बटण दाबलं आणि काचेवरून ओलं फडकं फिरवलं. काही झालं नाही. पुन्हा फिरवलं. काही नाही. मंदारनं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "काका, बसा. पाणी आणू?" त्याच्या आवाजात जी माया होती, ती श्रीनाथरावांनी ओळखली. याच आवाजात तो हल्ली आईशी बोलायचा.

"थांब," ते म्हणाले आणि घाम पुसून पुन्हा फडकं फिरवू लागले. आणि मग, कोणाचं बोट लागलं नसताना, शेगडी पीं करून वाजली. लाल दिवा लागला. पातेल्याच्या बुडाशी पाणी सूं सूं करायला लागलं.

वहिनी खुर्चीतून उठल्या. टेबलापाशी येऊन त्या लाल दिव्याकडे टक लावून बघत राहिल्या. मग एकदम हसल्या, लहान मुलीसारख्या. "म्हणजे मी बंद केली होती! मंदार, बघ, मी केली होती बंद!"

"मला माहीत होतं," श्रीनाथराव म्हणाले. "पहिल्यापासून. तुम्ही विचारलंत त्या दिवशीही. मी खोटं बोललो, वहिनी. मला माफ करा, असंही म्हणवत नाही."

वहिनींचं हसू हळूहळू मावळलं. त्या रागावल्या असत्या, चार शब्द बोलल्या असत्या, तर श्रीनाथरावांना हलकं वाटलं असतं. त्या एवढंच म्हणाल्या, "मी रात्रंदिवस स्वतःला तपासत होते हो, भाऊजी. तुम्ही म्हणालात म्हणून."

"काका, मीसुद्धा तुमच्याच शब्दावर..." मंदारचा आवाज चढला आणि अर्ध्यात तुटला. त्यानं जाऊन मागचं बटण बंद केलं. मग आईच्या पायाशी खाली बसला. "आई, माझं चुकलं. तुला इथेच राहायचं असेल तर राहा. मी सगळं परत लावून देतो. गोल बटणाची शेगडी आणतो."

श्रीनाथरावांनी हातातलं फडकं टेबलावर ठेवलं. आयुष्यात देवाकडे फार काही न मागितलेला हा माणूस, त्यानं त्या क्षणी मागितलं.

वहिनींनी मुलाच्या केसांतून हात फिरवला. "नको रे," त्या म्हणाल्या. "येते मी तुझ्याबरोबर. मी बरोबर होते, हे आता पटलं. पण धास्ती गेली नाही. ती आत शिरून बसली आहे. एकटीनं नाही राहता यायचं आता."

दोन दिवसांनी इंदूरच्या विमानतळाला जायला टॅक्सी आली. मंडळातलं कोणी नव्हतं, श्रीनाथराव आणि सुनंदाबाई दोघंच. मंदारनं बॅगा ठेवल्या. वहिनींनी दाराला कुलूप लावलं, किल्ली पर्समध्ये टाकली, सुनंदाबाईंना कुंकू लावलं आणि टॅक्सीत बसल्या. श्रीनाथराव दार लावून घेणार, तोच वहिनींनी हात आडवा धरला.

"भाऊजी, कुलूप लावलं ना मी?"

"लावलं, वहिनी. मी इथेच उभा होतो. डोळ्यांनी पाहिलं."

वहिनींनी त्यांच्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. "हो ना," त्या म्हणाल्या. मग एक पाय खाली टेकवला, दाराचा आधार घेऊन उतरल्या आणि कुलूप बघायला परत घराकडे चालू लागल्या.